सहा नंबरवाल्याची किंमत टॅकल मोजून कळते का? (वही घेऊन बसलोय, मदत करा)

तांबडी_माती (डिचोली):

मंडळी, विषय तसा घरचाच आहे पण डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढतोय. आमच्या वाड्यावर भात कापून झालं की शेतातच ग्राउंड तयार होतं, मधला बांध फोडायचा, चुना मारायचा, एका बाजूला काजू, दुसऱ्या बाजूला ओहोळ, आणि मग पाऊस येईपर्यंत दर रविवारी मॅच. माझा भाचा तिथे खेळतो, वय १६, सहा नंबर, म्हणजे स्टॉपरच्या (मधल्या बचावपटूच्या) पुढे आणि बाकी सगळ्यांच्या मागे. गेल्या महिन्यात एका टीमची निवड होती, कुठली ते सोडा. निवड करणाऱ्यांकडे छापील कागद, त्यावर रकाने तीन: गोल, असिस्ट (गोलच्या आधीचा पास), टॅकल (समोरच्याच्या पायातून बॉल काढणं). आमच्या पोराचे दोन मॅचमध्ये मिळून टॅकल ३. दुसऱ्या एका पोराचे ११. तो गेला, आमचा राहिला.

तो दुसरा पोरगा वाईट नाही हां, जीव तोडून पळतो. पण त्याच दोन मॅचमध्ये त्याच्या टीमने सहा गोल खाल्ले, आमच्यांनी एक. हे मी बोलून दाखवलं तर उत्तर मिळालं की गोल खाल्ले ते गोलकीपरच्या खात्यात. बरं बाबा.

मग पुढच्या रविवारी शंभर पानी वही घेऊन बांधावर बसलो. ठरवलं, बॉल बघायचाच नाही, फक्त पोराकडे बघायचं. सांगायला सोपं आहे, करून बघा, दर दहा सेकंदांनी डोळे आपोआप बॉलकडे पळतात. सातव्या-आठव्या मिनिटाला त्यांच्या आठ नंबरकडे मधोमध बॉल आला, त्याने मान वर केली, त्यांचा स्ट्रायकर आमच्या स्टॉपरच्या पुढ्यात हात दाखवून बॉल मागतोय. भाचा आठ नंबरच्या अंगावर गेलाच नाही. मान वळवून एकदा मागे बघितलं स्ट्रायकर कुठेय, आणि दोन पावलं डावीकडे सरकला. बस. आठ नंबरने मारायला उचललेला पाय खाली ठेवला, वळला, आपल्याच स्टॉपरला मागे दिला, स्टॉपरने वैतागून लांब उडवला, आमच्या बॅकने हेड मारून बाहेर काढला. लाउडस्पीकरवाला बॅकचं नाव घेऊन ओरडला. कागदावर क्लिअरन्स एक, बॅकच्या नावे. भाच्याच्या नावे काहीच नाही. मी पेन धरून बसलो, कुठल्या रकान्यात काय लिहू तेच कळेना.

तर प्रश्न हा, की असल्या खेळाडूचं काम आकड्यांत पकडता येतं का, आणि येत असेल तर बांधावर बसलेल्या माझ्यासारख्याला जमेल असं काही आहे का.

फातोर्डा_ईस्ट_स्टँड (मडगाव):

हा रोग जुनाच आहे भावा, आणि रियल माद्रिदसारख्यांनाही झालेला. २००३ च्या उन्हाळ्यात बेकहॅमला आणलं आणि त्याच उन्हाळ्यात आपला सहा नंबर माकेलेलेला चेल्सीला सोडलं. पगार वाढवून मागत होता. क्लबचे अध्यक्ष पेरेझ साहेब म्हणाले की तो हेड मारत नाही, तीन मीटरच्या पुढे पास क्वचितच देतो, नवीन पोरं येतील आणि लोक त्याला विसरतील. झिदानने तेव्हाच म्हटलेलं की बेंटलीला सोन्याचा अजून एक थर कशाला देता, इंजिनच काढून टाकताय तर. रियल आधीच्या वर्षी लीग जिंकलेली, पुढच्या वर्षी चौथे, आणि पुढची लीग मिळाली थेट २००६-०७ मध्ये. इकडे चेल्सीने २००४-०५ मध्ये ३८ मॅचमध्ये फक्त १५ गोल खाल्ले. त्या जागेला लोक अजून 'माकेलेले रोल' म्हणतात. पेरेझकडे पण तुझ्या त्या निवडवाल्यांचाच कागद असणार.

आकडेमोड (पर्वरी):

गोष्ट छान आहे आणि प्रत्येक वेळी हीच सांगितली जाते, पण हिशोब म्हणून कच्ची आहे. त्याच उन्हाळ्यात रियलने कोच देल बोस्केला ठेवलं नाही आणि कॅप्टन हिएरोही गेला. म्हणजे तीन चाकं एकदम काढली आणि नंतर म्हणायचं की गाडी डावीकडच्या चाकामुळे पडली. चेल्सीचंही तेच, त्या १५ गोलांत गोलकीपर चेक, स्टॉपर टेरी आणि कार्व्हाल्यो, कोच मोरिन्यो यांचा वाटा किती आणि माकेलेलेचा किती? कुणी वेगळा करून दाखवलाय?

आता मुद्द्याचं. टॅकलचा आकडा टाकाऊ नाही, तो नुसता कच्चा वापरला जातो. टॅकल तेव्हाच करता येतो जेव्हा बॉल समोरच्याकडे असतो. समजा एका पोराच्या टीमविरुद्ध समोरच्यांकडे ६० टक्के वेळ बॉल होता आणि त्याने ४ टॅकल केले. दुसऱ्याच्या मॅचमध्ये समोरच्यांकडे ३५ टक्केच वेळ बॉल होता, त्याने ३ केले. कागदावर पहिला पुढे. पण दोघांनाही ५०-५० वर आणलं तर पहिल्याचे होतात ३.३ आणि दुसऱ्याचे ४.३. चित्र उलटलं. तुझ्या भाच्याची टीम बॉल ठेवून खेळत असेल तर त्याला टॅकल करायची संधीच कमी मिळाली, एवढं तरी त्या कागदावर यायला हवं होतं.

आणि टॅकलच्या आकड्यातून हिरा सापडलेलाही आहे. काँते.  २०१५ मध्ये इंग्लंडच्या लेस्टरने त्याला काँ ह्या फ्रेंच क्लबकडून स्वस्तात उचलला. त्या सीझनमध्ये प्रीमियर लीगमध्ये सगळ्यात जास्त टॅकल त्याचे, १७५, इंटरसेप्शनही सगळ्यात जास्त, १५६, आणि लेस्टर चॅम्पियन. पुढच्या वर्षी चेल्सीला गेला, चेल्सी चॅम्पियन. आकडा खोटं बोलला का?

तांबडी_माती:

@आकडेमोड, ते ५०-५० वालं पटलं, वहीत घेतो. पण बॉल कुणाकडे किती वेळ ते मोजणार कसं, इथे घड्याळ रेफरीचंसुद्धा बंद पडतं.

आकडेमोड:

वेळ नको मोजू. दोन्ही टीमचे पास मोज आणि त्यांचं गुणोत्तर काढ. बऱ्याच ठिकाणी बॉल पझेशन असंच काढतात.

कात्रे_पाव (म्हापसा):

आमच्या काळी ह्याला सेंटर हाफ म्हणायचे आणि त्याचा एकच आकडा असायचा, मॅच संपल्यावर समोरच्या इन्साइड फॉरवर्डच्या शर्टाला चिखल किती लागला तो. 😄

मस्करी सोडा. आपल्या धेंपो क्लबचा सुवर्णकाळ आठवा. २०११-१२ मध्ये रँटीने ३२ गोल मारले, आजही कुठल्याही बारमध्ये विचारा, तो आकडा तोंडपाठ आहे. बेटोचे पास आठवतात. क्लायमॅक्स लॉरेन्स मागे उभा राहून काय करायचा त्याचा आकडा सांगा बघू कोणी. मी दुलेरला आणि फातोर्ड्याला किती वेळा बघितलाय त्याला, तरी मला विचाराल तर मी पण म्हणेन 'बरा खेळायचा'. बस, एवढंच. पन्नास वर्षं फुटबॉल बघणाऱ्या माणसाकडे शब्द नाहीत तर कागदावर रकाना कुठून असणार.

आणि आकडेमोड बाब, फुटबॉल म्हणजे एक-चौदाचा उतारा नव्हे, की नाव चढवलं आणि जमीन तुमची झाली.

आकडेमोड:

मामा, उतारा नसला की भाऊबंदकी होते, तेच चाललंय ना इथे 🙂

मिठागर (आगशी):

मी बहुतेक वेळा फक्त वाचते, पण ह्या विषयावर राहवलं नाही. मी दोन वर्षं एका कंपनीसाठी घरी बसून मॅच टॅग करायचं काम केलंय, म्हणजे तुम्ही जे आकडे ॲपवर बघता ते ज्या कारखान्यात तयार होतात तिथली मी कामगार 😅 तर आतून कसं असतं ते सांगते.

समोर व्हिडिओ, बाजूला मैदानाचं चित्र. बॉलला कुणाचाही पाय लागला की थांबवायचं, कोण, कुठे, काय केलं, पुढे काय झालं, ते भरायचं. एका मॅचमध्ये अशा दीड-दोन हजार नोंदी. पास कापला तर इंटरसेप्शन. पायातून काढला तर टॅकल. मोकळा पडलेला उचलला तर रिकव्हरी. टॅकलला गेला आणि समोरचा कट मारून निघून गेला तर ती वेगळी नोंद, हुकलेला. हे झालं बॉलजवळचं. आता तुमच्या भाच्याची ती दोन पावलं. त्या दोन पावलांसाठी माझ्या कीबोर्डवर बटणच नव्हतं. आणि असतं तरी मी दाबलं नसतं, कारण टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे फिरतो, सहा नंबरवाला अर्धा वेळ चित्रातच नसतो. मी खरंच सांगते, सहा-सहा मिनिटं एखाद्या खेळाडूची एकही नोंद यायची नाही आणि मला वाटायचं बदली झाला की काय.

नेदरलँड्सचा जुना खेळाडू योहान क्रायफ म्हणायचा की मॅचमध्ये एका खेळाडूकडे बॉल असतो सरासरी तीन मिनिटं, उरलेल्या ८७ मिनिटांत तो काय करतो त्यावरून तो कसा ते ठरतं. आम्ही त्या तीन मिनिटांचे दोन हजार तुकडे करून विकायचो.

दुसरं, नुसते टॅकल कधीच बघू नका, हुकलेले पण बघा. दोघांचे चार-चार टॅकल, पण एकाला समोरचे एकदा चकवून गेले आणि दुसऱ्याला सहा वेळा. पहिल्याने पाचातले चार जिंकले, दुसऱ्याने दहातले चार. सहा नंबरवाला हुकला की मागे थेट स्टॉपर उघडा पडतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत हुकणं जास्त महाग. त्या ११ टॅकलवाल्या पोराचे हुकलेले किती होते ते कोणी लिहिलं होतं का?

तांबडी_माती:

ताई, साष्टांग. नाही, हुकलेल्याचा रकानाच नव्हता. मला आठवतंय त्याप्रमाणे तो पोरगा मैदानभर लोळत होता, कपडे बघूनच लोक टाळ्या वाजवत होते.

फातोर्डा_ईस्ट_स्टँड:

स्पेनचा सहा नंबर शाबी अलोन्सो आठवला. त्याने २०११ च्या एका मुलाखतीत सांगितलेलं की टॅकल म्हणजे शेवटचा उपाय, लागतो कधीकधी, पण त्याला गुण समजून पोरांनी त्याच्या मागे लागू नये. इंग्लंडमधल्या पोरांना तुझा गुण काय विचारलं की ती 'शूटिंग आणि टॅकलिंग' म्हणायची, ह्याचं त्याला नवल वाटायचं. आणि मँचेस्टर युनायटेडच्या स्टॉपरची, स्टामची गोष्ट पण सांगतात ना, २००१ मध्ये कोच फर्ग्युसनने त्याला लाझिओला विकला, कारण म्हणे टॅकलचे आकडे उतरले होते. पुढे त्यांनी स्वतः कबूल केलं की स्टामला सोडणं ही चूक होती.

आकडेमोड:

स्टामच्या विक्रीत पैसे आणि दुखापत पण होती, नुसता आकडा नव्हता. पण चला, मान्य, कच्चा आकडा घातक. मग उपाय काय? 'डोळ्यांनी बघा' हा उपाय नाही, डोळे पण फसतात. तो लाउडस्पीकरवाला डोळ्यांनीच बघत होता.

मांडवीपल्याड (बेती):

उपाय सोपा आहे, तो असताना टीम कशी आणि नसताना कशी ते बघायचं. मँचेस्टर सिटीचा सहा नंबर रॉड्री घ्या. २०२३-२४ च्या प्रीमियर लीगमध्ये मँचेस्टर सिटी अख्ख्या सीझनमध्ये ३ मॅच हरली, वुल्व्ज, आर्सेनल आणि ॲस्टन व्हिला. तिन्हीत रॉड्री नव्हता, कार्डांमुळे बाहेर. तो स्वतः खेळलेल्या ७४ मॅच सलग न हरता. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये गुडघा गेला, सिटी त्या सीझनमध्ये तिसरी आली, आणि त्याच वर्षी बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस, त्याला. अजून काय पुरावा पाहिजे? ह्याच्यात टॅकल बिकल काही मोजायलाच नको.

आकडेमोड:

ह्या पद्धतीने २०१८ च्या वर्ल्डकप फायनलचा हिशोब लावूया का? काँतेला ५५ व्या मिनिटाला बाहेर काढला तेव्हा फ्रान्स २-१ पुढे. त्यानंतर पोग्बा ५९, एम्बाप्पे ६५. म्हणजे काँते गेल्यावर फ्रान्सने दोन मारले आणि खाल्ला एक, तोही गोलकीपर योरिसने स्वतःच्या हाताने, म्हणजे पायाने दिलेला. तर मग काँते नसलेला बरा असं म्हणायचं?

रॉड्रीचं पण बघ. तीन मॅच म्हणजे तीनच मॅच. त्यातल्या दोन आर्सेनल आणि व्हिला, म्हणजे त्या वर्षी वरच्या चारात आलेल्या टीम, त्यांच्या घरी. आणि ७४ मध्ये पेनल्टीवर हरलेल्या मॅच बरोबरीत धरल्यात, रियलने चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलं ते त्यातच जमा. शिवाय मालिका संपली ती एफए कप फायनलमध्ये युनायटेडसमोर, रॉड्री मैदानात असताना. मी त्याला कमी लेखत नाही, तो जगात एक नंबर होता असंच माझंही मत. पण 'असताना-नसताना' मोजताना त्याच्या जागी कोण आला हे कोणी बघत नाही. बदली खेळाडू वाईट असेल तर मूळ खेळाडू आपोआप देव होतो.

मांडवीपल्याड:

देवाचं नाव काढलंस म्हणून, आपल्या एफसी गोवाच्या जाहूचं काय मग? २०१९ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल, मुंबईत, बंगळुरूशी. एक्स्ट्रा टाइममध्ये १०५ व्या मिनिटाला दुसरं पिवळं, जाहू बाहेर, आणि ११७ व्या मिनिटाला राहुल भेकेचा गोल, आपण हरलो १-०. मी त्या रात्री जेवलो नव्हतो. सहा नंबर गेला आणि मॅच गेली, अजून सरळ उदाहरण कुठलं?

फातोर्डा_ईस्ट_स्टँड:

मी पण जेवलो नव्हतो रे, पण तो गोल कॉर्नरवरून हेडने आला. कॉर्नरला सगळेच मागे असतात. जाहू असता तर भेकेला अडवला असता का? दहा जण झाल्यामुळे आपण मागे दबलो, म्हणून कॉर्नर मिळाले, हे म्हणता येईल. पण मग ते कुठलाही खेळाडू बाहेर गेला असता तरी झालंच असतं.

बाकी जाहू हा ह्या धाग्यासाठी भारी नमुना आहे. लोक त्याला डिफेन्सिव्ह म्हणायचे आणि त्याची खरी किंमत होती पासात. स्टॉपरकडून बॉल घ्यायचा, मान वर, आणि चाळीस यार्डांवर विंगरच्या पायात. २०१९-२० मध्ये आपण १८ मॅचमध्ये ४६ गोल मारले आणि लीग शील्ड (साखळीत पहिलं येण्याचं बक्षीस) घेतली, नावं कोरो, बुमूस, ब्रँडनची. त्यातल्या किती गोलांची सुरुवात जाहूच्या पायातून झाली ते मी माझ्या आठवणीतून सांगू शकतो, असिस्टच्या यादीतून नाही, कारण असिस्टच्या आधीचा आणि त्याच्याही आधीचा पास कोणी मोजत नाही. २०२० मध्ये तो आपला कोच लोबेरा ह्याच्यापाठोपाठ मुंबईला गेला आणि मुंबईने शील्ड आणि कप दोन्ही उचलले, फायनल आमच्याच फातोर्ड्यात, कोविडमुळे स्टँड रिकामे, आणि मी टीव्हीसमोर, घरापासून स्टेडियम पंधरा मिनिटांवर.

पिवळी कार्डं मात्र त्याची त्यालाच. फाउलचा आकडा पण ह्या हिशोबात उणे बाजूला पाहिजे.

कात्रे_पाव:

फाउल उणे का? समोरची टीम तिघं विरुद्ध दोघं अशी सुटली असताना मध्यरेषेवर शर्ट धरला तर तो फाउल मी सोन्याने तोलेन. आमच्याकडे त्याला 'शाणो फाउल' म्हणायचे.

मिठागर:

मामा बरोबर बोलले, आणि इथेच टॅगिंगची गंमत. माझ्यासाठी तो फाउल आणि स्वतःच्या बॉक्सबाहेर मूर्खासारखा केलेला फाउल दोन्हीला एकच बटण. जागा वेगळी लिहिली जाते म्हणून मागाहून वेगळे काढता येतात, पण काढतंय कोण.

@तांबडी_माती, तुमच्या वहीसाठी एक सुचवते. भाच्याचं मोजूच नका. समोरच्यांचं मोजा. तुमच्या स्टॉपरच्या पुढची जी पट्टी असते ना, बॉक्सच्या बाहेर मधोमध, ती त्याची जमीन. समोरच्यांचा पास त्या पट्टीत त्यांच्याच माणसाच्या पायात किती वेळा पोचला, तेवढंच लिहा. दुसरा रकाना, त्यांच्या मधल्या खेळाडूने मान वर केली आणि शेवटी बॉल मागे किंवा बाजूला दिला, असं किती वेळा झालं. पहिला आकडा कमी आणि दुसरा जास्त असेल तर पोरगा काम करतोय. मोठ्या क्लबांकडे आता सगळ्या २२ जणांची जागा सतत टिपणारे कॅमेरे असतात, त्यातून ते हेच काढतात, कुठला पास शक्य होता आणि कोणी उभा राहून तो बंद केला. तुमच्याकडे बांध आहे, बांधावरून सगळं मैदान दिसतं. टीव्हीपेक्षा तुमची जागा चांगली.

आकडेमोड:

+१. हे सगळ्यात बरोबर. फक्त स्कोअर काय होता ते बाजूला लिही. पुढे असलेली टीम मागे बसते, मग समोरचे पट्टीत जास्त येणारच. आणि एका मॅचवरून निकाल देऊ नको, किमान आठ-दहा मॅच होऊ दे.

तांबडी_माती:

रविवारची मॅच झाली, वही घेऊन आलोय. उशीर झाला कारण वहीवर सोडा सांडला, दोन पानं वाळवावी लागली.

मॅच ३५-३५ मिनिटांची. ताईंनी सांगितलं तसं समोरच्यांचंच मोजलं. भाचा ५० मिनिटं खेळला, मग पोटरीत गोळा आला म्हणून बाहेर काढला, त्याच्या जागी एक फॉरवर्ड पोरगा आला कारण बाकावर दुसरं कोणीच नव्हतं. ५० मिनिटांत पट्टीत पास पोचले ४. शेवटच्या २० मिनिटांत ५. मागे वळलेले पास पहिल्या भागात १३, नंतर २. आता आकडेमोड ओरडायच्या आधीच लिहितो, आम्ही तेव्हा १-० पुढे होतो आणि समोरचे सगळे वर आलेले, आणि बदली पोरगा सहा नंबर नव्हेच, तो तर दर दोन मिनिटांनी गोल मारायला पुढे पळत होता. त्यामुळे हे आकडे मी कुणाला दाखवणार नाही. पण लिहिताना मला जे दिसलं ते ह्याआधी कधी दिसलं नव्हतं. भाचा बाहेर गेल्यावर आमचा स्टॉपर ओरडायला लागला. त्याआधी ५० मिनिटं तो गप्प होता. गप्प स्टॉपर हा पण एक रकाना करावा काय?

टॅकल पण मोजले, सवय जात नाही. एक.

मांडवीपल्याड:

एक?? आणि जिंकलात?

तांबडी_माती:

१-१. शेवटच्या मिनिटाला बसला, पट्टीतूनच. बदली पोरगा तेव्हा त्यांच्या कॉर्नर फ्लॅगजवळ होता.

मॅच संपल्यावर भाचा पोटरीला बर्फ लावत माझ्या बाजूला येऊन बसला, वहीत डोकावला. ह्या उभ्या रेघा कसल्या विचारलं. मी सगळं समजावून सांगितलं, पट्टी, मागे वळलेले पास, १३ चा आकडा त्याला बोटाने दाखवला. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मग विचारतो, "मामा, ते सगळं ठीक, पण माझे टॅकल किती झाले?"

कात्रे_पाव:

सांगितलास का मग?

तांबडी_माती:

सांगितला. तोंड एवढं झालं त्याचं. पुढच्या महिन्यात परत निवड आहे ना.

कात्रे_पाव:

मग येत्या रविवारी तो दहा टॅकल मारतो की नाही बघ. स्टॉपरला आत्ताच सांगून ठेव, घसा सांभाळ म्हणावं.